हायब्रिड गिटार : नादाच्या उगमस्थानांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

अकूस्टिक गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार ही एकाच वाद्याची दोन रूपे आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दोहोंना सहा तारा असतात, पडद्यांची मांडणी सारखी असते आणि एकावर तयार झालेला हात दुसऱ्यावर अडत नाही. तथापि, नाद कोठे घडतो या दृष्टीने पाहिले असता ती दोन भिन्न वाद्ये ठरतात. अकूस्टिक गिटारमध्ये तारेचे कंपन घोडीवाटे तबलीकडे जाते आणि तबली व पोकळीतील हवा मिळून तो नाद श्रोत्यापर्यंत पोहोचवितात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडी अंगाचे काम मुख्यतः तारा ताणून धरण्याचे असते. श्रोत्याला ऐकू येणारा नाद पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक यांच्या साखळीत घडतो. या दोन वाद्यांना एकाच अंगात नांदविण्याचा प्रयत्न म्हणजे हायब्रिड गिटार होय.

गेल्या तीन दशकांत असे अनेक प्रयत्न झाले. त्यांपैकी पार्कर फ्लाय (1993), टेलर टी-5 (2005) आणि फेंडर अमेरिकन अकूस्टासॉनिक टेलिकास्टर (2019) ही तीन वाद्ये प्रस्तुत लेखात तुलनेसाठी निवडली आहेत. तिन्ही अमेरिकन असून तिन्हींचा दावा वरकरणी एकच आहे : एक वाद्य, दोन नाद. मात्र हा दावा सिद्ध करण्याच्या त्यांच्या वाटा मूलतः वेगळ्या आहेत. अशा वाद्यांची चर्चा बहुधा 'यातून किती आवाज निघतात' या प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हा निकष अपुरा आहे. हायब्रिड वाद्याचे मूल्यमापन दोन प्रश्नांनी व्हावयास हवे. एक, ते वाद्य नाद टिपण्यासाठी आपला कान कोठे लावते? दोन, वादकाच्या हातातील बदलाला ते खरे उत्तर देते की आधीच तयार असलेले?

ध्वनिग्रहणाच्या तीन जागा

हायब्रिड गिटारचा विचार करताना नाद टिपण्याच्या तीन जागा स्पष्टपणे वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली जागा तारेची. चुंबकीय पिकअप हा मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालतो. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय प्रवाहात बदल होतो आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हा पिकअप तारेची गती ऐकतो. तबली, पोकळी आणि हवा यांचा त्याच्याशी केवळ अप्रत्यक्ष संबंध असतो. नायलॉनची तार तर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

दुसरी जागा घोडीची. काही स्फटिकांवर दाब पडला असता वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावरील पिएझो पिकअप घोडीवरील तारांच्या आधारपट्टीखाली बसविला जातो. तार घोडीवर जो दाब देते त्यातील चढउतार तो टिपतो. तार पोलादाची की नायलॉनची याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तथापि तारेवर पडणारा पहिला आघात तो फार तीव्रतेने पकडतो आणि तबलीतून हवेत जाणारा नाद मात्र पुरेसा पकडत नाही. त्यामुळे जोरात वाजविताना आवाजाला एक कोरडा, टोचणारा गुण येतो. वादकांच्या बोलीत त्याला बदकाच्या ओरडण्यावरून 'क्वॅक' म्हणतात.

तिसरी जागा अंगाची. तबलीच्या आतल्या बाजूस बसविलेला संवेदक लाकडाचे कंपन टिपतो. तबलीवर तळव्याने दिलेली थाप, तारेवरून सरकणारे बोट, पोकळीची गुंज असे जे जे अकूस्टिक गिटारला सजीव करते ते बऱ्याच अंशी येथेच सापडते. परंतु हीच जागा रंगमंचावर सर्वांत धोक्याची असते. सर्वसाधारण अकूस्टिक गिटारमधील हवेचा मुख्य अनुनाद सुमारे 100 हर्ट्झला, तर तबलीचा सुमारे 200 हर्ट्झला आढळतो. गिटारच्या मोकळ्या तारांची व्याप्ती सुमारे 82 ते 330 हर्ट्झ असल्याने हे दोन्ही अनुनाद ऐन वादनाच्या पट्ट्यात येतात. ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज तबलीला पुन्हा हलवितो, संवेदक ते कंपन पुन्हा टिपतो आणि हे चक्र वाढत जाऊन गिटार घुमू लागते. यालाच फीडबॅक म्हणतात.

यावरून हायब्रिड गिटारमधील मूलभूत अंतर्विरोध लक्षात येतो. कान अंगाजवळ न्यावा तर नाद खरा, पण सांभाळण्यास कठीण; तारेजवळ न्यावा तर नाद सुरक्षित, पण अंगहीन. आपल्याकडील वाचकास हा मुद्दा परका वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविलेला एक सुती दोरा जवारी खुलवितो किंवा मिटवितो. तार घोडीला कोठे व कशी भेटते यावर नादाचे चारित्र्य ठरते, हे तंबोरा लावणाऱ्यास शिकवावे लागत नाही.

पूर्वपीठिका : प्रत्येक तडजोडीची किंमत

या अंतर्विरोधाशी झालेली झटापट 1993 पूर्वीची आहे. गिब्सन कंपनीने 1954 मध्ये आणलेल्या जे-160ई या गिटारचे अंग अकूस्टिक होते, मात्र पडद्यांच्या पट्टीच्या टोकाशी चुंबकीय पिकअप बसविलेला होता. फीडबॅक आवरावा म्हणून तबलीखालील आधारपट्ट्यांची रचना अशी ठेवली गेली की तबली कमी हलावी. परिणामी हे वाद्य विजेवाचून काहीसे दबलेले आणि विजेसह जवळजवळ पूर्ण इलेक्ट्रिक वाटे. बीटल्सच्या जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी 1962 मध्ये ते घेतले, आणि 1964 च्या 'आय फील फाइन' या गीताच्या आरंभी ऐकू येणारा प्रसिद्ध फीडबॅक याच जातीच्या गिटारचा आहे. जो दोष टाळण्यासाठी तबलीचा गळा आवळला होता, तो दोषच अखेरीस कलेच्या कामी आला.

दुसरी वाट चार्ल्स कामन या हेलिकॉप्टर-अभियंत्याने दाखविली. त्यांच्या ओव्हेशन कंपनीने 1966 पासून काचतंतूयुक्त कृत्रिम द्रव्याची वाडग्यासारखी गोल पाठ असलेल्या गिटार बनविल्या आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी घोडीतील पिएझो पिकअप रूढ केला. तिसरी वाट 1982 मधील गिब्सन चेट अ‍ॅटकिन्स सीई या गिटारची. येथे मोकळ्या पोकळीचाच त्याग करून, जवळपास भरीव अंगावर नायलॉनच्या तारा आणि घोडीत पिएझो अशी योजना होती. फीडबॅकचे भय मिटले, पण वीज बंद करताच वाद्याचा आवाज खोलीतही पुरेनासा झाला.

या तीन उदाहरणांत एक सूत्र दिसून येते. प्रत्येक निर्मात्याने काही मिळविण्यासाठी काही सोडले आणि काय सोडले ते वाद्याकडे पाहताच कळत होते. नंतरच्या हायब्रिड गिटारबाबत हे सहज कळत नाही. म्हणून तुलना आवश्यक ठरते.

पार्कर फ्लाय : दोन कानांचे सहजीवन

केन पार्कर व पिकअप-तज्ज्ञ लॅरी फिशमन यांच्या सहकार्यातून फ्लाय साकार झाली. पातळ लाकडी अंगावर कार्बन व काच यांच्या तंतूंचे राळेत बसविलेले कवच, पोलादी पडदे आणि जेमतेम सव्वादोन किलो वजन ही तिची बाह्य वैशिष्ट्ये. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की तीत चुंबकीय पिकअप आणि घोडीतील पिएझो हे दोन्ही स्वतंत्रपणे नांदतात. वादक एक निवडू शकतो, दुसरा निवडू शकतो, किंवा दोन्ही एकत्र घेऊ शकतो. दोन्ही प्रवाह दोन वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठविण्याचीही सोय आहे.

फ्लायचे अंग अकूस्टिक नाही आणि ती तसा आवही आणत नाही. तिचा पिएझो नाद पोकळ गिटारसारखा भरदार नसतो; त्यात क्वॅक असतो. परंतु दोन्ही प्रवाह एकत्र केले असता जे घडते ते लक्षणीय आहे. चुंबकीय पिकअपचा लांबणारा, गोलसर स्वर आणि पिएझोची आघातातील धार एकाच आघातातून जन्मतात. वादकाने नखी हलकी केली तर दोन्ही हलके होतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. तारेला घोडीजवळ छेडले तर दोहोंचे नाते पुन्हा बदलते. हा तिसरा नाद दोन्ही मूळ वाद्यांत नव्हता. संकर या शब्दाला येथे खरा अर्थ प्राप्त होतो. फ्लायचे उत्पादन पुढे थांबले. तथापि घोडीत पिएझो आणि अंगावर चुंबकीय पिकअप ही जोडणी अनेक उत्पादकांच्या वाद्यांत आज दिसते.

टेलर टी-5 : अंगाला दिलेला आवाज

1974 मध्ये बॉब टेलर व कर्ट लिस्टग यांनी स्थापन केलेली टेलर कंपनी मुळात अकूस्टिक गिटारची. तिने टी-5 मध्ये पिएझो पूर्णपणे नाकारला. अंग पोकळ, तबली पातळ व खाली आधारपट्ट्या असलेली. एक चुंबकीय पिकअप घोडीजवळ उघडा, दुसरा मानेजवळ तबलीखाली दडविलेला आणि तिसरा तबलीचे कंपन टिपणारा अंगसंवेदक. पाच स्थानांच्या खटक्यातील एका स्थानी मानेजवळचा पिकअप व अंगसंवेदक एकत्र येतात. तेच या वाद्याचे 'अकूस्टिक' स्थान.

या रचनेत एक सैद्धांतिक प्रामाणिकपणा आहे. टी-5 चा अकूस्टिक नाद तिच्या स्वतःच्या अंगातून येतो. तो मोठ्या अंगाच्या गिटारइतका खोल नाही, कारण तिचे अंग तेवढे खोल नाही. त्या नादाचा मुख्य भाग चुंबकीय पिकअपच पुरवितो, संवेदक त्यात लाकडाचा स्पर्श मिसळतो. त्यामुळे तिचा कल इलेक्ट्रिक बाजूकडे राहतो, ही तिची मर्यादा होय. दुसरी मर्यादा संक्रमणाची. अंगाचा नाद खटक्याच्या एकाच स्थानी उपलब्ध असल्याने अकूस्टिककडून इलेक्ट्रिककडे जाणे म्हणजे पायरी उतरणे होते, उतारावरून घरंगळणे नव्हे. गाण्याच्या अंतऱ्यातून ध्रुपदाकडे परतताना पायरी सोयीची असते. संथ आलापसदृश वादनात ती खटकते.

अकूस्टासॉनिक : प्रतिमा आणि थाप

फेंडर कंपनीची टेलिकास्टर 1950 च्या दशकाच्या आरंभापासून भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारची ओळख बनलेली आहे. 2019 मध्ये याच आकाराचे अंग पोकळ करून, वर स्प्रूसची तबली व मध्ये नादछिद्र ठेवून अमेरिकन अकूस्टासॉनिक टेलिकास्टर सादर झाली. येथे तिन्ही जागी कान आहेत : घोडीखाली पिएझो, तबलीखाली अंगसंवेदक आणि घोडीजवळ चुंबकीय पिकअप. पाच स्थानांचा खटका आणि प्रत्येक स्थानी दोन आवाज, असे एकूण दहा आवाज. त्या दोहोंमधील प्रमाण एका फिरत्या कळीने सलग बदलता येते. पुढे 2020 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणि 2021 मध्ये जॅझमास्टर या आकारांतही हीच कल्पना आणली गेली.

या दहा आवाजांकडे सरसकट पाहणे चुकीचे ठरेल. खटक्याच्या एका टोकाला विशिष्ट लाकडाच्या, विशिष्ट आकाराच्या अकूस्टिक गिटारचे आवाज आहेत. ते या अंगातून निघत नाहीत. घोडीवरील संकेत घेऊन त्यावर मोठ्या गिटारच्या ध्वनिमुद्रित नादावरून तयार केलेली अंकीय प्रतिमा चढविली जाते. प्रतिमा सुबक आहे. दूर बसलेल्या श्रोत्याला ती पटते. परंतु ती एका निश्चित वाद्याची, एका निश्चित मायक्रोफोनच्या जागेवरून घेतलेली असते. हाताचा जोर बदलला तर आवाज लहानमोठा होतो, पण त्याभोवतीचे काल्पनिक अंग तसेच राहते. आणि बॅटरीवाचून ही प्रतिमा उभीच राहू शकत नाही.

याउलट खटक्याच्या मधल्या भागात हे वाद्य आपल्या खऱ्या बोलीत बोलते. तेथे अंगसंवेदक पुढे येतो. तबलीवर दिलेली थाप, अंगठ्याचा ठोका आणि त्याच वेळी छेडलेली तार हे सारे एकाच वाद्याचे म्हणून ऐकू येते. त्याच्या शेजारच्या स्थानी अकूस्टिक प्रतिमेत चुंबकीय नाद कळ फिरवून हळूहळू मिसळता येतो. सलग संक्रमणाची जी सोय टी-5 मध्ये नाही ती येथे आहे. म्हणून असे म्हणता येईल की अकूस्टासॉनिक ज्या आवाजांसाठी गाजली, त्यांत ती सर्वांत कमी स्वतःची आहे आणि ज्यांची चर्चा कमी होते, त्यांत ती सर्वांत समर्थ आहे.

तारांचा प्रश्न

तुलनेत बहुधा निसटणारा एक मुद्दा तारांचा. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर काशाचे वेष्टन असते. त्याने तबलीला तेज मिळते. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर निकेलयुक्त वेष्टन असते. त्याला चुंबक नीट प्रतिसाद देतो. काशाच्या वेष्टनाला चुंबकाचे आकर्षण नाही, त्यामुळे आतील पोलादी गाभाच काय तो पिकअपला ऐकू येतो. वाद्य कितीही संमिश्र असले तरी तार एका वेळी एकाच जातीची चढवावी लागते.

टेलरने टी-5 साठी निकेलच्या इलेक्ट्रिक तारा निवडल्या. फेंडरने अकूस्टासॉनिकसाठी फॉस्फर-ब्राँझच्या अकूस्टिक तारा निवडल्या. ही निवड म्हणजे त्या वाद्याने दिलेला कबुलीजबाबच होय. टी-5 ही अकूस्टिक होऊ पाहणारी इलेक्ट्रिक गिटार आहे, तर अकूस्टासॉनिक ही इलेक्ट्रिक होऊ पाहणारी अकूस्टिक गिटार आहे. त्यामुळे पहिलीत स्वर ओढणे व लांबविणे सुकर जाते, दुसरीत ठोके, झंकार आणि मोकळ्या तारांची साथ अधिक खुलते. खरेदीपूर्वी पिकअपची संख्या पाहण्याऐवजी तारांचा डबा पाहिला तरी वाद्याचा स्वभाव निम्मा कळतो.

शिसवीचा नाद, शिसवीवाचून

प्रतिमांना लाकडांची नावे देण्याच्या प्रथेकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. गिटारविश्वात रोझवूडला मोठा मान आहे. ब्राझीलमधील रोझवूड दुर्मीळ होऊ लागल्यावर मार्टिनसारख्या कंपन्या 1969 च्या सुमारास भारतीय रोझवूडकडे वळल्या. हे भारतीय रोझवूड म्हणजे सह्याद्रीत वाढणारी आणि आपल्या जुन्या कपाट-पलंगांतून परिचित असलेली शिसवी. ब्राझीली रोझवूडच्या व्यापारावर 1992 मध्ये कठोर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. 2 जानेवारी 2017 पासून या कुळातील सर्वच जाती 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली.

या पार्श्वभूमीवर रोझवूडचा नाद रोझवूडवाचून देणारे वाद्य ही केवळ क्लृप्ती राहत नाही. वृक्ष न तोडता नाद मिळत असेल तर त्यास नाक मुरडणे योग्य नव्हे. मात्र त्याची किंमत ओळखली पाहिजे. खरी शिसवी प्रत्येक फळीगणिक वेगळी बोलते. प्रतिमेतील शिसवी प्रत्येक वाद्यात तीच बोलते. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने हाच प्रश्न उभा केला. रियाजाला तो सोयीचा आहे आणि असंख्य विद्यार्थ्यांना त्याने स्वर दिला. पण मैफलीत मिरजेचा तंबोरा शेजारी असावा असे गायकाला अजूनही वाटते. सोय आणि सहवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संकराचे आणखी एक रूप

संकर विजेच्या साहाय्यानेच व्हावा असे नाही. जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी 1975 ते 1978 या काळात झाकीर हुसेन, एल. शंकर व विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती' या समूहात जी अकूस्टिक गिटार वाजविली, ती एब वेक्टर यांनी घडविली होती. तिच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते, जेणेकरून तार दाबून गमक व मींड घेता यावी. आणि मुख्य तारांखालून तिरप्या जाणाऱ्या सात जादा तारा आधारस्वर देत. हे वाद्य सतार वा वीणेचा आवाज काढत नव्हते. त्याने हाताला नवी हालचाल दिली आणि त्या हालचालीतून नवा नाद आला. हायब्रिड वाद्याच्या मूल्यमापनासाठी हे उदाहरण मापदंड ठरावे. दोन वाद्यांचा मिलाफ आवाजांच्या यादीत नव्हे, वादकाच्या बोटांत घडावा लागतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. हायब्रिड गिटारमधील मूळ प्रश्न आवाजांच्या संख्येचा नसून ध्वनिग्रहणाच्या जागेचा आहे. तार, घोडी व अंग यांपैकी वाद्य कोणावर विसंबते यावरून त्याची शक्ती व मर्यादा ठरतात.

2. पार्कर फ्लाय दोन स्वतंत्र प्रवाहांतून तिसरा नाद घडविते. अंगाचा अभाव ती लपवीत नाही. मिश्रनाद हेच ज्याचे ध्येय आहे अशा वादकासाठी तिची योजना आजही आदर्शवत आहे.

3. टेलर टी-5 आपल्याच अंगाचा नाद देते. तो मर्यादित असला तरी तिचा स्वतःचा आहे. मात्र तिचे संक्रमण पायरीपायरीने होते.

4. अकूस्टासॉनिक सलग संक्रमण आणि अंगावरील थाप यांत श्रेष्ठ, तर लाकडांच्या नावाने दिलेल्या प्रतिमांत परावलंबी आहे.

5. तारांची जात हा हायब्रिड वाद्याचा कल ओळखण्याचा सर्वांत साधा व विश्वसनीय पुरावा होय.

महाविद्यालयीन संगीत विभागांत आणि युवक महोत्सवांच्या रंगमंचावर गिटारचा वावर वाढत आहे. दोन वाद्यांच्या किमतीत एक घेण्याचा मोह अशा ठिकाणी स्वाभाविक आहे. तो मोह वाईट नाही, पण निवड करताना खटका सर्व स्थानांवर फिरवून पाहण्यापेक्षा एकाच स्थानी थांबून एकच स्वर हलका, मध्यम आणि जोरात असा तीन वेळा छेडून पाहावा. तिन्ही वेळा वाद्याने वेगळे उत्तर दिले तर ते शिकविण्याजोगे आहे. विद्यार्थ्याचा हात अशा वाद्यावरच घडतो. जे वाद्य प्रत्येक स्पर्शाला तेच सुंदर उत्तर देते, त्याच्याजवळ शिकण्यासारखे फारसे उरत नाही.